वाहनतळावरची रात्र

18 एप्रिल 2016. रात्रीचे दोन वाजलेत. जपानच्या क्यूशू बेटावर, कुमामोतो प्रांतातल्या माशिकी गावात, एका प्रदर्शन केंद्राच्या वाहनतळावर तुम्ही छोट्या मोटारीच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसला आहात. काचांवर वाफ धरलीय. शेजारी एक आजी आहेत, पाय दुमडून, डोकं दाराला टेकवून. बाहेर नजर पोचेल तिथवर मोटारी, आणि प्रत्येकीत माणसं.

जमीन पुन्हा हलते. मोटार डुलते, थांबते. आजी डोळे उघडत नाहीत. झोपल्याच नव्हत्या त्या.

इथं का झोपायचं, हे तुम्हाला विचारावं लागत नाही. 14 तारखेच्या रात्री 6.5 तीव्रतेचा धक्का बसला. मोठा धक्का होऊन गेला म्हणून कितीतरी लोक घरी परतले. 16 तारखेला पहाटे दीडच्या सुमारास 7.3 चा बसला, आणि पहिल्यात तगलेली घरं दुसऱ्यात पडली. आता डोक्यावर छप्पर नको वाटतं.

आजींच्या मांडीवर पाण्याची बाटली आहे, अर्धी भरलेली. तुम्ही ती उघडून पुढे करता. त्या ओठ ओले करण्यापुरतं पितात आणि झाकण घट्ट लावतात. कारण संडास वाहनतळाच्या पार टोकाला आहेत. तिथं अंधार, लांब रांग. नळ कोरडे, आत पाय ठेववत नाही. पाणी प्यायलं तर जावं लागेल, म्हणून प्यायचंच नाही.

त्यांच्या पायांकडे बघा. पोटऱ्या सुजल्यात. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरांत रक्त साकळतं. अंगात पाणी कमी, म्हणून ते अधिकच दाटतं. गुठळी धरते. सकाळी माणूस उठून चार पावलं टाकतो, गुठळी सुटते, वर फुप्फुसात जाऊन अडकते आणि उभा माणूस कोसळतो. 2004 साली जपानमधल्याच निइगाताच्या भूकंपानंतर मोटारीत झोपलेल्यांचे असे मृत्यू झाले होते. या वेळीही तसं घडलं.

उजाडल्यावर गावच्या व्यायामशाळेत या. तिथं निवारा उघडलाय. मुख्य सभागृह बंद आहे. मोठ्या धक्क्यात त्याचं छत कोसळलं. म्हणून माणसं व्हरांड्यात, जिन्याखाली, दारापाशी पडलीत. पांघरुणाला पांघरूण लागलेलं. बुटांबरोबर आलेली धूळ जमिनीवर झोपलेल्यांच्या नाकातोंडात जाते. एक आजोबा खोकताहेत. चूळ भरायला पाणी नाही, कवळी धुतलेली नाही. तोंडातले जंतू थुंकीबरोबर श्वासनलिकेत उतरले की म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो. कुणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या ढिगाऱ्याखाली राहिल्यात. एवढ्या दाटीत एकाला जुलाब लागले तर ते एकावर थांबत नाहीत.

मग डॉक्टरांचं पथक येतं. वाहनतळावरही ते मोटारी-मोटारींतून फिरतं. आजींच्या पोटरीवर थंड जेल लावून सोनोग्राफीचं यंत्र फिरवतात, घट्ट लांब मोजे चढवतात. टाचा वर, टाचा खाली. तुम्हीही त्यांच्याबरोबर करा. काही निवाऱ्यांत पुठ्ठ्याच्या खोक्यांचे पलंग येतात. जमिनीपासून हातभर उंची मिळाली की धूळ कमी जाते, आणि गुडघे दुखणारा माणूसही उठून चालायला लागतो.

या भूकंपात पडझडीखाली 50 माणसं गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत, आजारानं आणि हालअपेष्टांनी, दोनशेहून अधिक. म्हणजे चौपट माणसं धक्क्यातून वाचली होती आणि नंतर गेली. भूकंप कुणाला थांबवता येत नाही, पण स्वच्छ संडास आधी तयार ठेवता येतो. निवारा उघडला की पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना आणि अंधारात एकटं जायला घाबरणाऱ्या मुलींना वापरता येईल असा, पाण्याचा आणि उजेडाचा संडास हवा; त्याच दिवशी पलंग हवेत आणि नेहमीची औषधंही. एवढं केलं, तर आजी ती बाटली पुरी पितील.