मेलबर्न १९५६ : भारतीय फुटबॉल संघाची वाटचाल आणि मुंबईच्या मैदानांचे योगदान

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर काळातील भारतीय क्रीडा इतिहासाचे लेखन प्रामुख्याने हॉकी आणि क्रिकेट या दोन खेळांभोवती फिरत राहिले. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्यात कुस्ती आणि कबड्डी यांची भर पडते. फुटबॉलचा विषय निघाला की तो बंगाल, गोवा आणि केरळ यांच्याकडे सोपवला जातो. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या तालमींच्या संघांचा उल्लेख होतो आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः भारतीय फुटबॉल संघाने ऑलिंपिकमध्ये मिळविलेल्या सर्वोच्च यशात मुंबईच्या मैदानांचा मोठा वाटा आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथा क्रमांक मिळविला. त्या स्पर्धेत भारताने केलेल्या पाच गोलांपैकी चार गोल मुंबईच्या एका खेळाडूचे होते. हे यश अपघाती होते की त्यामागे काही वर्षांची शिस्तबद्ध जडणघडण होती, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांचा नाही. त्या संघाचा प्रशिक्षक शाळेत शिकविलेला पदवीधर होता आणि कर्णधार वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी. शिक्षणसंस्था आणि खेळ यांचे नाते पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला याहून चांगले उदाहरण सहसा मिळणार नाही.

पार्श्वभूमी : लंडन आणि हेलसिंकी

३१ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा पराभूत झाला. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले आणि दोन पेनल्टी वाया गेल्या. तरीही पराभव सन्मानाचा होता आणि इंग्रज प्रेक्षकांनी अनवाणी खेळाचे कौतुक केले. या कौतुकाने भारतीय फुटबॉलचे नुकसानच केले, असे म्हणावे लागते. आपण आहोत तसे पुरेसे आहोत असा समज त्यातून बळावला. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत इराणचा १-० असा पराभव करून भारताने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तो समज पक्का झाला.

तो मोडला हेलसिंकीत. १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारतावर १०-१ असा विजय मिळविला. थंड हवा, निसरडे मैदान आणि अनेक खेळाडूंचे अनवाणी पाय ही कारणे त्या वेळी सांगितली गेली व त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. परंतु बुटांइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा होता. देशांतर्गत सामने त्या काळी बहुधा ७० मिनिटांचे होत आणि आंतरराष्ट्रीय सामना ९० मिनिटांचा. उरलेल्या वीस मिनिटांचा सराव भारतीय खेळाडूला कोठेच मिळत नव्हता.

रोव्हर्स चषक आणि कूपरेज

मुंबईत १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही आरंभी ब्रिटिश पलटणींची स्पर्धा होती. १९२३ साली मोहन बागान संघाने येथे अंतिम फेरी गाठली. तेथे त्याला डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने ४-१ असे हरविले. हा चषक जिंकणारा पहिला भारतीय संघ म्हणजे १९३७ चा बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर पलटणी गेल्या, स्पर्धा मात्र टिकली. मुंबईचा फुटबॉल हंगाम पावसाळ्याशी जोडलेला होता. चिखलात चेंडू पायाशी खेळवत ठेवणे अवघड; तो वेळेवर दुसऱ्याकडे देणे भाग पडते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका चुकीने संघ घरी जातो. या दोन्ही गोष्टी कूपरेजच्या मैदानाने खेळाडूंना शिकविल्या.

१९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. १९५० मध्येच त्यांनी दिल्लीत ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानवर मात केली होती. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम (१९०९-१९६३) हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून ते खेळले होते आणि पुढे हैदराबादमधील शाळांतून त्यांनी अध्यापन केले. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिवपद त्यांच्याकडे होते. मराठी वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत औरंगाबादच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थी याच उस्मानिया विद्यापीठाची परीक्षा देत असत. रहीम यांचे विद्यापीठ मराठवाड्याला परके नव्हते.

रहीम यांच्या पद्धतीचे वर्णन वाचताना मैदानापेक्षा वर्गच डोळ्यांसमोर येतो. चेंडू पायाशी घोळविण्यास मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरविल्या. खेळाडूने चेंडू लगेच पुढे द्यायचा. केवळ कमकुवत पायाने खेळण्याच्या स्पर्धा त्यांनी घेतल्या, म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्याच पायाने खेळायचे. उंचीची मर्यादा घालून लहान मुलांच्या स्पर्धाही त्यांनी घेतल्या. विद्यार्थ्याला जे जमते त्यावर शाबासकी देणारे शिक्षक पुष्कळ असतात. जे जमत नाही तेच त्याच्याकडून करवून घेणारे थोडे. रहीम दुसऱ्या प्रकारचे होते. कूपरेजवरील पाच विजय हे या शिकवणीचे फळ होते आणि मुंबईच्या प्रेक्षकांनी व खेळाडूंनी ही शिकवण दरवर्षी समोर पाहिली.

कचेऱ्यांचे संघ आणि मुंबईचे खेळाडू

त्या काळातील मुंबईचा फुटबॉल हा कचेऱ्यांचा फुटबॉल होता. तेल कंपन्या, रेल्वे, टाटांसारखे उद्योगसमूह खेळाडूंना नोकरी देत आणि खेळाडू संध्याकाळी हारवूड लीगमध्ये त्यांच्यासाठी उतरत. ऑलिंपिकचा हौशीपणाचा नियम यामुळे पाळला जाई आणि खेळाडूच्या घरची चूलही पेटे. कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला. त्याच संघात नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोव्याचा, १९३२ साली जन्मलेला आघाडीवीर होता. १९५४-५५ मध्ये मुंबईने संतोष चषक जिंकला, त्यावरून शहरातील खेळाचा तेव्हाचा दर्जा ध्यानात यावा.

दुसरा खेळाडू गोलरक्षक एस. एस. नारायण. तो माटुंग्यात वाढला आणि तेथील स्थानिक संघांतून पुढे आला. १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकसाठी त्याची निवड झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये ठाण्यात त्याचे निधन झाले. ठाणे जिल्ह्यात दोन ऑलिंपिकचा फुटबॉलपटू राहत होता, हे अनेकांना त्याच्या निधनाच्या वार्तेतूनच प्रथम कळले असावे.

मेलबर्नला गेलेल्या संघाचा कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी कलकत्त्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबादचे खेळाडू, बंगालचे पी. के. बॅनर्जी, सैन्यदलाचा पीटर थंगराज अशी ही मंडळी. पोलीस, विद्यार्थी, सैनिक आणि कचेरीतील नोकरदार यांचा हा संघ रहीम यांच्या हाती सोपविण्यात आला.

स्पर्धेतील सामने

मेलबर्नची स्पर्धा जागतिक राजकारणाच्या छायेत झाली. सुएझचा संघर्ष आणि हंगेरीतील उठाव या घटना त्याच ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील. फुटबॉलमध्ये सोळा संघांची नोंद असताना पाच संघांनी माघार घेतली आणि प्रत्यक्षात अकरा संघ खेळले. भारताची पहिली गाठ गतविजेत्या हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ न आल्याने भारताला पुढे चाल मिळाली. चौथ्या क्रमांकाचे मूल्यमापन करताना ही वस्तुस्थिती झाकून चालणार नाही. भारताने त्या स्पर्धेत एकच सामना जिंकला.

तो सामना १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी झाला. नवव्या मिनिटाला डिसोझाने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला डिसोझाने पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि मध्यंतरापूर्वी मॉरोने पुन्हा बरोबरी केली. मध्यंतरानंतर पाचव्याच मिनिटाला डिसोझाचा तिसरा गोल झाला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल करून सामना ४-२ असा संपविला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा डिसोझा हा पहिला आशियाई खेळाडू ठरला. येथे चौथ्या गोलाची वेळ पाहण्यासारखी आहे. ज्या संघाला सत्तर मिनिटांची सवय होती, तो ऐंशीव्या मिनिटाला गोल करीत होता.

४ डिसेंबरच्या उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. मध्यंतरापर्यंत गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला डिसोझाने गोल केला आणि चार वर्षांपूर्वी दहा गोलांनी चिरडला गेलेला संघ आघाडीवर आला. ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटाला पापेच, सत्तावन्नाव्या मिनिटाला वेसेलिनोविच आणि पासष्टाव्या मिनिटाला पुन्हा पापेच यांनी गोल केले. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला सलाम याच्याकडून स्वयंगोल झाला. भारत १-४ असा हरला.

या पराभवाचे कारण दमछाक, असे सहज म्हटले जाते. गोलांच्या वेळा मात्र वेगळे सांगतात. सामना हातातून गेला तो शेवटच्या वीस मिनिटांत नव्हे, तर आघाडी घेतल्यानंतरच्या पाच मिनिटांत. थकवा येण्यास तेव्हा अवकाश होता. आघाडी मिळाल्यावर खेळाचा वेग कसा उतरवावा, चेंडू आपल्याकडे कसा राखावा, हे बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध वारंवार खेळूनच शिकता येते आणि तशा सामन्यांची संधी भारतीय संघाला वर्षानुवर्षे मिळत नसे. युगोस्लाव्हियाचा संघ १९४८, १९५२ आणि १९५६ असा तिन्ही वेळा रौप्यपदक विजेता होता व १९६० साली त्याने सुवर्णपदक मिळविले.

७ डिसेंबरला तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३-० असे हरविले. डिसोझाचे चार गोल हे स्पर्धेतील सर्वाधिक गोलांत बरोबरीने मोजले गेले. त्याच्यासोबत युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह ही नावे आहेत. परतण्यापूर्वी १२ डिसेंबरला सिडनीत ऑस्ट्रेलियाशी झालेला मैत्रीपूर्ण सामना भारताने ७-१ असा जिंकला. उपउपांत्य फेरीतील विजय नशिबाचा होता असे मानणाऱ्यांनी हा आकडाही विचारात घ्यावा.

पुढची वर्षे

१९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. १९६२ साली जाकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळाले, त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते. त्या वेळी ते कर्करोगाने आजारी होते आणि ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची सरावपद्धती कोणत्याही शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात वेळीच उतरविली गेली असती, तर ती एका माणसाबरोबर संपली नसती. शिक्षकाची पद्धत शिक्षणसंस्थांनीच उचलू नये, ही यातील खरी हानी आहे. २०२४ साली ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे रहीम यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोचले. परंतु चित्रपटाचा भर हैदराबाद, कलकत्ता आणि जाकार्ता यांवर आहे; कूपरेजच्या वाट्याला त्यात फारसे काही आले नाही.

नेव्हिल डिसोझाचे १९८० साली निधन झाले. कचेऱ्यांचे संघ पुढील दशकांत एकामागून एक बंद होत गेले. कंपन्यांना खेळाडू-कर्मचारी हा खर्च वाटू लागला आणि महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या फुटबॉलपटूसमोरची नोकरीची वाट बुजली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथून पहाटेची लोकल धरून कामावर जाणाऱ्या कुटुंबातील मुलाला फुटबॉल पुढे चालू ठेवण्यासाठी ही एकच व्यवहार्य वाट होती. रोव्हर्स चषक स्पर्धाही २००१ च्या सुमारास बंद पडली. समर बॅनर्जी २०२२ मध्ये आणि तुलसीदास बलराम २०२३ मध्ये गेले. मुंबईतील हौशी फुटबॉलच्या त्या कालखंडाची साधने जुन्या वृत्तपत्रांच्या क्रीडापानांत, कंपन्यांच्या बंद पडलेल्या गृहपत्रिकांत आणि वृद्ध खेळाडूंच्या घरातील छायाचित्रांत विखुरलेली आहेत. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्यांचे संकलन करण्याचे काम महाविद्यालयांच्या इतिहास आणि शारीरिक शिक्षण विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल, आणि त्यासाठी मध्य व पश्चिम रेल्वेच्या निवृत्त खेळाडूंपासून सुरुवात करणे सोयीचे ठरेल.