कुळ, हुंडा आणि प्रेम : इटालियन कथासाहित्यातले विजोड विवाह

उच्च कुळ आणि हलके कुळ यांच्यातल्या प्रेमाची कथा इटलीत जवळजवळ इटालियन गद्याइतकीच जुनी आहे. जोव्हान्नी बोकाचोने 1350 च्या सुमारास लिहिलेल्या ‘देकामेरोन’मधल्या शंभर गोष्टींत ती अनेकदा येते. त्यांतल्या दोन गोष्टींनी पुढच्या लेखकांना साचाच पुरवला.

चौथ्या दिवसाच्या पहिल्या गोष्टीत सालेर्नोचा प्रिन्स तांक्रेदी याची विधवा मुलगी गिस्मोंदा बापाच्या पदरी असलेल्या ग्विस्कार्दो या हलक्या कुळातल्या तरुणावर प्रेम करते. बाप त्याला ठार मारवतो आणि त्याचे काळीज सोन्याच्या पेल्यात घालून मुलीकडे पाठवतो. ती त्याच पेल्यात विष ओतून पिते. मात्र त्याआधी ती बापाला सुनावते की सगळी माणसे एकाच मातीची आहेत आणि थोरवी जन्माने नव्हे, गुणाने ठरते. शेवटच्या दिवसाची शेवटची गोष्ट उलट्या दिशेची आहे. सालुत्सोचा मार्क्विस ग्वाल्तिएरी ग्रिसेल्दा या गरीब शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न करतो, मग तिची परीक्षा पाहण्यासाठी मुले मारल्याचे नाटक रचतो, तिला अंगावरच्या एका वस्त्रानिशी माहेरी धाडतो आणि अखेर परत आणतो. ही गोष्ट पेत्रार्काला इतकी भावली की त्याने ती लॅटिनमध्ये उतरवली आणि तिथून ती युरोपभर गेली.

आपल्या धर्मशास्त्राची भाषा उसनी घ्यायची तर ग्रिसेल्दाचे लग्न अनुलोम, गिस्मोंदाचे प्रेम प्रतिलोम. पुरुषाने खालच्या थरातली बायको केली तर छळ तिचा होतो, पण लग्न टिकते. बाईने खाली पाहिले तर माणसे मरतात. (रोमिओ आणि ज्युलिएट या परंपरेत बसत नाहीत. त्यांची घराणी वैरी असली तरी तोलामोलाची होती.)

प्रतिलोमाचा हा शेवट कथेपुरता नव्हता. आमाल्फीची विधवा डचेस जोव्हान्ना दारागोना ही नेपल्सच्या राजघराण्यातली. तिने आपला कारभारी अंतोनिओ बोलोन्या याच्याशी गुपचूप लग्न केले. बातमी फुटल्यावर तिच्या भावांनी पाठलाग सुरू केला. त्यांतला एक कार्डिनल होता. अंतोनिओचा 1513 मध्ये मिलानमध्ये खून झाला. मात्तेओ बांदेल्लोने ही हकीकत आपल्या कथासंग्रहात घेतली, तो 1554 मध्ये छापला गेला आणि इंग्लंडमध्ये जॉन वेब्स्टरने तिच्यावर नाटक रचले.

या क्रौर्यामागे जमिनीचा आणि पैशाचा हिशेब होता. मुलीबरोबर हुंडा जाई आणि तो सतत फुगत होता. फ्लॉरेन्सच्या नगरराज्याने 1425 मध्ये चक्क हुंड्यासाठी ठेव योजना काढली. बापाने मुलीच्या लहानपणी रक्कम गुंतवायची आणि लग्नाच्या वेळी ती वाढून मिळायची. व्हेनिसने 1420 मध्ये हुंड्यावर 1600 डुकाटांची मर्यादा घातली, पण ती पाळली गेली नाही. ज्या मुलींना हुंडा पुरत नसे त्यांच्यासाठी मठाचे दार उघडे असे, कारण तिथे द्यावी लागणारी रक्कम नवऱ्याला द्यायच्या हुंड्यापेक्षा पुष्कळ कमी होती. व्हेनिसमध्ये कुळाची दप्तरेही कडक होती. तिथे 1506 पासून सरदार घराण्यांतल्या मुलांचे जन्म आणि 1526 पासून त्यांची लग्ने सरकारी वहीत नोंदवावी लागत. नोंद नसेल तर मुलाला सरदारांच्या महासभेत बसता येत नसे. म्हणजे व्हेनिसच्या सरदाराने मोलकरणीशी लग्न केले, तर शिक्षा त्याच्या मुलांना होई.

चर्चची भूमिका मात्र वेगळी होती. ट्रेंटच्या धर्मसभेने नोव्हेंबर 1563 मध्ये लग्नासाठी पाद्री आणि साक्षीदार आवश्यक ठरवले, पण आईबापांच्या संमतीवाचून झालेले लग्न रद्द मानायला नकार दिला. योगायोग असा की त्याच महिन्यात व्हेनिसच्या सरदार घराण्यातली पंधरा वर्षांची बियांका कापेल्लो एका फ्लोरेंटाइन पेढीवरच्या पिएत्रो बोनाव्हेंतुरी नावाच्या कारकुनाबरोबर पळून गेली. व्हेनिसने दोघांना गुन्हेगार ठरवले. फ्लॉरेन्समध्ये बियांका युवराज फ्रांचेस्को दे मेदिचीच्या नजरेत भरली, पिएत्रोचा 1572 मध्ये खून झाला आणि 1579 मध्ये ती तुस्कानीची ग्रँड डचेस म्हणून जाहीर झाली. आता त्याच व्हेनिसने तिला प्रजासत्ताकाची कन्या म्हणून गौरवले. कारकुनाशी केलेले लग्न गुन्हा आणि राजाशी केलेले लग्न राष्ट्रीय अभिमान, हा न्याय कुठल्याही कादंबरीकाराला सुचला नसता इतका उघड होता.

अठराव्या शतकात या विषयाची खरी कसोटी रंगभूमीवर लागली. सॅम्युएल रिचर्डसनच्या ‘पामेला’ (1740) या इंग्रजी कादंबरीत मोलकरीण आपल्या धन्याची पत्नी होते आणि शेवटपर्यंत गरिबाची मुलगीच राहते. व्हेनिसचा नाटककार कार्लो गोल्दोनी याने 1750 मध्ये तिचे नाटक केले तेव्हा अडचण उभी राहिली. लंडनमध्ये लॉर्डने मोलकरणीशी लग्न केले तरी मुलांची सरदारकी जात नसे, व्हेनिसमध्ये मात्र जाई. मग व्हेनिसच्या प्रेक्षकांपुढे असे लग्न सुखान्त म्हणून कसे मांडायचे? गोल्दोनीने कथा लंडनमध्येच ठेवली आणि तरीही शेवट बदलला. पामेलाचा बाप बंडानंतर लपून राहिलेला स्कॉटिश उमराव निघतो आणि विजोड वाटणारी जोडी तोलाची ठरते. हीच युक्ती त्याने निकोलो पिच्चिन्नीच्या ‘ला बुओना फिलिओला’ या ऑपेरासाठी पुन्हा वापरली. त्यातली बागेत काम करणारी चेक्कीना जर्मन बॅरनची मुलगी निघते. हा ऑपेरा 1760 मध्ये रोममध्ये आला आणि युरोपभर गाजला. गोल्दोनीचे प्रामाणिक उत्तर मात्र ‘ला लोकांदिएरा’त (1753) सापडते. त्यातली खाणावळवाली मिरांदोलीना मार्क्विस, काउंट आणि स्त्रीद्वेष्टा सरदार या तिघांना खेळवते आणि अखेर आपल्या नोकराशी, फाब्रित्सिओशी लग्न करते. लपलेली सरदारकी शोधण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी शहाणपणाचा आहे.

इटालियन ऐतिहासिक कादंबरीचा पाया आलेस्सांद्रो मान्झोनीच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ने 1827 मध्ये घातला. काळ 1628 ते 1630, प्रदेश स्पॅनिश अमलाखालचा लोम्बार्दी. रेन्झो हा रेशीम कामगार आणि लुचिया ही गावातली मुलगी एकाच थरातली आहेत. वरच्या थरातून येते ती डॉन रोद्रिगोची वासना, तीही पैजेपोटी. हुंड्याच्या व्यवस्थेची बळी इथे मोंझाच्या मठातली जेर्त्रूदे आहे. इस्टेट थोरल्या भावाकडे अखंड राहावी म्हणून तिला लहानपणापासून जोगीण व्हायला भाग पाडले जाते. मान्झोनीची सर्वात बोचरी नोंद शेवटी येते. रोद्रिगोचा वारस असलेला भला मार्क्विस नवदांपत्याला जेवायला बोलावतो, स्वतः वाढायलाही उभा राहतो, पण जेवायला दुसऱ्या खोलीत जातो. त्यांच्याहून खाली उतरण्याइतकी नम्रता त्याच्यात होती, बरोबरीला बसण्याइतकी नव्हती.

इटलीच्या एकीकरणानंतर सरंजामी घरे कर्जात बुडाली आणि नव्या पैशाला कुळ हवे झाले. जोव्हान्नी वेर्गाच्या ‘मास्त्रो-दोन जेझुआल्दो’ची (1889) कथा एकीकरणाआधीच्या सिसिलीत घडते, पण तिने हाच सौदा पकडला. श्रीमंत झालेला गवंडी जेझुआल्दो दरिद्री सरदार घराण्यातल्या बियांका त्राओशी लग्न करतो. त्याच्यावर खरा जीव असलेल्या दिओदाताला, त्याच्या मुलांच्या आईला, तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो. मुलगी इझाबेल्ला ड्यूकची बायको होते आणि तो जावयाच्या पालेर्मोतल्या महालात नोकरांच्या सोबतीने मरतो. चुन्याने रापलेले त्याचे हात त्या नोकरांच्याही थट्टेचा विषय होतात.

जुझेप्पे तोमाझी दी लाम्पेदूझाच्या ‘इल गात्तोपार्दो’त 1860 नंतरच्या सिसिलीत तोच सौदा हसतमुखाने पार पडतो. कादंबरीचा नायक असलेल्या प्रिन्सचा उमदा पण कफल्लक भाचा तांक्रेदी महापौर सेदाराच्या देखण्या मुलीशी, आंजेलिकाशी लग्न करतो. सेदारा जमिनींची यादी वाचतो आणि आपल्या घराण्यालाही बॅरनपद असल्याचा दावा ठोकतो. तांक्रेदीवर प्रेम करणारी प्रिन्सची मुलगी कोंचेत्ता मागे पडते. लाम्पेदूझा स्वतः प्रिन्स होता. जिवंतपणी त्याला दोन मोठ्या प्रकाशकांनी नकार दिला, तो 1957 मध्ये वारला आणि पुढच्या वर्षी कादंबरी निघाली.

लोकप्रिय प्रेमकादंबरीने या कडवट परंपरेकडे पाठ फिरवली. लियालाच्या ‘सिन्योर्सी’ने (1931) वाचकांना उंची घरे आणि देखणे वैमानिक दिले, तर 1946 मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रां होटेल’ साप्ताहिकाने चित्रकथांतून तेच स्वप्न स्वस्तात घरोघरी पोहोचवले. व्यवहारात बदल सावकाश झाला. 1865 च्या नागरी संहितेने मुलाला 25 व्या आणि मुलीला 21 व्या वर्षापर्यंत आईबापांची संमती घ्यायला लावली. 1948 च्या राज्यघटनेने सरदारकीच्या पदव्यांची मान्यता काढली. ‘इल गात्तोपार्दो’ बाजारात आली तेव्हा इटलीत प्रिन्स ही कायदेशीर पदवी उरली नव्हती, हुंडा मात्र कायदेशीर होता. तो 1975 च्या कुटुंब कायद्याने बंद झाला.