सुवेझचा कालवा आणि विषारी मासे

सावेडीपासून समुद्र दूर आहे. तरी तांबड्या समुद्राचे नाव आपल्या नगरला परके नाही. निजामशाहीचे मोठे बंदर चौल, आणि चौलची गलबते अरबस्तानच्या किनाऱ्याला लागत. मलिक अंबर हा हबशी मुलगा गुलाम म्हणून मोखा, बगदाद असे बाजार पाहत शेवटी नगरला, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. पुढे त्याने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर खोदून पाणी आणले. पण त्या काळी तांबडा समुद्र उत्तरेला सुवेझपाशी संपत असे. त्याच्या पलीकडे भूमध्य समुद्र आणि मध्ये सुमारे सव्वाशे किलोमीटर वाळू. माणूस ती उंटावर बसून ओलांडी. माशाला ती सोय नव्हती.

ती सोय माणसाने करून दिली. त्याचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत, आणि तो सांगताना मजुरापासून सुरुवात करावी लागेल.

फर्डिनंड द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थाच्या कंपनीने २५ एप्रिल १८५९ रोजी खोदकामाला आरंभ केला. पहिली काही वर्षे हे काम वेठीने झाले. इजिप्तचे शेतकरी हजारोंच्या टोळ्यांनी गावागावांतून आणले जात आणि तुटपुंज्या मजुरीवर फावडी-टोपल्या देऊन वाळूत उभे केले जात. वेठीविरुद्ध ओरड झाली, इजिप्तच्या राज्यकर्त्यानेही ती थांबविण्याचे ठरविले, तेव्हा कंपनीने नुकसानभरपाई मागितली. १८६४ मध्ये फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन लवाद बसला आणि त्याने कंपनीला एकंदर ८ कोटी ४० लाख फ्रँक देवविले. त्यांपैकी ३ कोटी ८० लाख केवळ वेठ बंद झाल्याबद्दल! मालकांशी वाटाघाटी करण्यात आमचा जन्म गेला, पण असले बिल आम्ही कधी पाहिले नाही. ते फेडले इजिप्तच्या तिजोरीने, म्हणजे त्याच शेतकऱ्याने.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी कालवा खुला झाला. मुंबई ते लंडन हे अंतर केप ऑफ गुड होपच्या वळशापेक्षा सुमारे चार-दशांश कमी झाले, आणि मुंबई बंदराचे नशीब उघडले. इजिप्तचे मात्र उलट झाले. कर्जाने टेकीस आलेल्या खेदिवाने १८७५ मध्ये आपले भाग सुमारे ४० लाख पौंडांना इंग्रज सरकारला विकले, आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज आली. २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्या भाषणात त्यांनी खोदकामात मेलेल्या मजुरांचा आकडा १ लाख २० हजार सांगितला. इतिहासकारांना तो फार मोठा वाटतो; पण मजुरांची नीट गणती कोणी ठेवली नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता माशांकडे वळू. दोन समुद्र जोडले गेले तरी रहदारी एकदम सुरू झाली नाही, कारण वाटेवर दोन पहारेकरी होते. पहिला पहारा मिठाचा. कालवा ज्या कडू सरोवरांतून जातो, त्यांच्या तळाशी मिठाचा जाड थर होता. तेथले पाणी समुद्राहून कितीतरी खारट होते आणि पुष्कळ जीवांना ते सोसत नसे. दुसरा पहारा नाईलचा. पुराचे गोडे पाणी कालव्याच्या भूमध्य समुद्रातील तोंडापाशी दरसाल पसरत असे. मीठ वर्षानुवर्षे विरघळत गेले. आस्वानचे मोठे धरण १९७० मध्ये पुरे झाले, आणि नाईलचा पूर अडला. इकडे जहाजे मोठी होत गेली, तसतसा कालवा खोल होत गेला. आरंभी ८ मीटर होता, तो २४ मीटर झाला. तांबड्या समुद्रातून आलेला पहिला मासा भूमध्य समुद्रात १९०२ साली नोंदला गेला. आज अशा जीवांच्या जाती शेकड्यांनी मोजाव्या लागतात. शास्त्रज्ञ या वाटचालीला लेसेप्सचे नाव देतात. खोदणाऱ्यांपैकी कोणाचे नाव मिळणार, म्हणा!

या पाहुण्यांत देखणा म्हणजे लायनफिश, सिंहमासा. हा हिंदी महासागराचा आणि तांबड्या समुद्राचा रहिवासी. अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पिसांसारखे पर, आणि त्या थाटात लपलेले १८ विषारी काटे. इस्राएलच्या किनाऱ्यावर तो १९९१ मध्ये एकदा सापडला, आणि मग वीस वर्षे दिसेनासा झाला. २०१२ मध्ये लेबनॉनपाशी पुन्हा दिसला, आणि त्यानंतर पाणी ऊबदार होत चाललेल्या त्या समुद्रात त्याने थोड्या वर्षांत सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस गाठले. २०१६ पर्यंत तो सिसिलीला पोचला होता. (अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्यावर याचे भाऊबंद १९८५ पासून आढळले, तेथे कालवा नव्हता, शोभेचे मासे पाळणाऱ्यांनी समुद्रात सोडून दिलेले होते.)

‘विषारी’ हा शब्द मराठीत आपण दोन अर्थांनी वापरतो, आणि कोळ्याच्या दृष्टीने त्यांत जीवनमरणाचे अंतर आहे. सिंहमाशाचे विष काट्यात असते. काटा रुतला की असह्य वेदना होतात, सूज येते. पण ते विष उष्णतेने मोडते, म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवणे हा पहिला उपाय. काटे काढले की मांस खाण्याजोगे असते. याच वाटेने आलेला चंदेरी गालांचा फुगा मासा २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडला. त्याचे विष मांसातच असते आणि शिजवूनही जात नाही. शिवाय त्याचे दात जाळी फाडतात आणि जाळ्यातले मासे खातात. तिसरा पट्टेदार शिंगाळ्यासारखा मासा. जाळे उपसून मासे निवडणाऱ्यांच्या हातांत त्याचे काटे घुसतात.

आपल्या कोकणातल्या कोळ्याला पाकट जाळ्यात आले की काय करावे, हे शिकवावे लागत नाही; तो आधी शेपटीच्या काट्याची वाट लावतो. ती विद्या नसली की काय होते, ते सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दिसले. गणेशविसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कित्येकांच्या पायांना पाकटांनी काटे मारले. पाकट आपल्याच पाण्यातला; नवखे होते ते पाण्यात उतरलेले पाय. भूमध्य समुद्रात याच्या उलट झाले. कोळी पिढीजात, मासा नवखा. बापाकडून मिळालेली विद्या या काट्यापुढे उपयोगाची नव्हती.

नुकसान कोणाचे आणि भरतो कोण? तुर्कस्तानने २०२० मध्ये फुग्या माशाच्या प्रत्येक शेपटीमागे ५ लिरा देण्याचे जाहीर केले. सायप्रसमध्ये २०१७ पासून पाणबुड्यांना शिकवून सिंहमासे मारण्याची आणि ते लोकांच्या ताटात जावेत अशी खटपट सुरू झाली. दोन्ही ठिकाणी खर्च सार्वजनिक तिजोरीचा. कालव्याचे उत्पन्न मात्र २०२२-२३ या एका वर्षात ९४० कोटी डॉलर झाले.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नये. आपल्या कर्जत तालुक्याला उजनीचा फुगवटा लागतो. तेथली चिलापी ही मूळची आफ्रिकेची. १९५२ मध्ये स्वस्त अन्न म्हणून ती हिंदुस्थानात आणली गेली. ती विषारी नाही, आणि भिगवणकडच्या कितीतरी घरांची चूल आज तिच्यावर पेटते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तिने जुन्या माशांची जागा घेतली. आफ्रिकी मांगूर तर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातल्यावरही चोरून पाळला गेला. मासा पाण्यात सोडताना पाण्यावर जगणाऱ्याला कोणी विचारीत नाही, ही रीत सुवेझला आणि भीमेला सारखीच लागू आहे.

२०१५ मध्ये सुवेझला आणखी एक समांतर फाटा खोदला गेला. परिणाम आधी तपासा, असे शास्त्रज्ञ सांगत होते. काम एका वर्षात उरकले. त्यांच्यापैकी काहींची सूचना अशी की, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यांतून उरणारे अतिखारट पाणी कडू सरोवरांत सोडावे आणि मिठाचा जुना पहारा पुन्हा बसवावा. सूचना करून पाहण्याजोगी आहे. तिचा खर्च, आणि फाटलेल्या जाळ्यांचाही, जहाज कंपन्यांवर थोडा जादा टोल बसवून काढावा, असे आमचे मत आहे.