जेफरसनच्या बागवहीतील अध्याहृत कर्ता

वसंतातील बाग हिवाळ्यात प्रथम कागदावर उगवते. या दृष्टीने व्हर्जिनियातील माँटिसेलो येथील थॉमस जेफरसन याच्या बागवहीइतके बोलके साधन क्वचितच आढळेल. तिच्यातील नोंदी १७६६ ते १८२४ या काळातील असून एडविन बेट्स यांनी ती १९४४ मध्ये संपादून प्रसिद्ध केली.

मार्च १८०९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून निवृत्त होऊन जेफरसन घरी परतला. त्या वर्षाचे त्याचे कोष्टक विशेष पाहण्याजोगे आहे. भाजी कोणती, कोठे व केव्हा पेरली, पानात केव्हा आली, अशी त्याची मांडणी असून बऱ्याच नोंदींपुढे 'फसले' अशा अर्थाचा शेराही प्रामाणिकपणे मारलेला आहे. कोणी पेरले, याला मात्र रकाना नाही.

फेब्रुवारी १७६७ मधील वाटाण्याच्या पेरणीची नोंद घेऊ. इंग्रजी रोजनिशीच्या प्रघातानुसार तीत कर्ता गाळलेला आहे. परंतु क्रियापद कर्तरीच राहिल्यामुळे वाचक रिकाम्या जागी आपोआप 'मी' घालतो. मराठीत 'वाटाणे पेरले' असे भाषांतर करताच प्रयोग कर्मणी होतो, क्रियापद वाटाण्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि कर्ता कोण हा प्रश्न मोकळा राहतो. मूळ वाक्याहून भाषांतर वस्तुस्थितीस अधिक जवळ जावे, असा हा दुर्मिळ योग होय!

कारण सुमारे १००० फूट लांबीची ती भाजीची बाग डोंगराच्या उतारावर खोदून काढली ती गुलाम मजुरांनी. वर्मली ह्यूज हा तेथील प्रमुख माळी गुलामच होता. जेफरसनची नात एलन हिने पुढे लिहिलेल्या आठवणींत फुलांचे वाफे आखण्याचा प्रसंग आहे: मोजणीची दोरी आजोबांच्या हाती, फावडे व कुदळ वर्मलीच्या. पेरणीच्या नोंदींतून ही दुसरी व्यक्ती सहसा दिसत नाही. वहीत मजुरांचा उल्लेख मुळीच नाही असे मात्र नव्हे. १७७२ मध्ये हातगाडीने माती वाहण्यास किती वेळ लागतो याचा हिशेब करताना मजूर अवतरतो. श्रम मोजावयाचे झाले की कर्ता लागतो, पीक नोंदवावयाचे झाले की तो गळतो. हा भेद लेखकाने हेतुपुरस्सर केला असेल असे मला वाटत नाही. सवयीच्या वाक्यरचनेने तो आपसूक घडविला, आणि म्हणूनच तो अधिक विचारार्ह आहे.

केवळ बागवहीवरून जेफरसनला 'स्वहस्ते राबणारा बागाईतदार' ठरविणाऱ्या लेखनाचा पाया त्यामुळे कच्चा ठरतो. त्याच हस्ताक्षरात १७७४ पासूनची एक शेतवहीही उपलब्ध असून बेट्स यांनीच ती १९५३ मध्ये प्रकाशात आणली. तीत गुलामांच्या नावनिशीवार याद्या आहेत. कोणास किती कापड, कोणास घोंगडी, असे वाटपाचे तपशील आहेत. वर्मलीचे नाव त्या याद्यांत सापडते. बागवहीतील अध्याहृत कर्ते तेथे शोधावे लागतात.