पाळीची वही

स्मरणिकेसाठी आपल्या वायरमन वर्गाचा इतिहास मी लिहावा, असं ठरलं. इतिहास लिहायचा तर कागदपत्रं हवीत. आपले हजेरीपट केव्हाच गेले, वर्ग भरायचा ती खोलीही राहिली नाही. माझ्याकडे उरली आहे ती फक्त एक दोनशे पानी वही. तुम्ही सगळ्यांनी ती हाताळलेली आहे.

कामकरी माणसानं दिवसभर राबून रात्री शिकायचं, ही रीत आपल्याकडे जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. मुंबईत १८८७ साली व्हीजेटीआय सुरू झालं. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि लीगच्या रात्रशाळा कामगार वस्तीत पोहोचल्या. आपला शिवडीचा वर्ग म्हणजे या मोठ्या झाडाची एक लहानशी फांदी.

१९८१ साली आपण वर्गात बसलो तेव्हा कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी कारखान्यात होतं. मी एका गिरणीत बदली कामगार होतो. बहुतेकांना पोरंबाळं होती. तात्यांचा तर मोठा मुलगा मॅट्रिकला होता आणि बापलेक एकाच दिव्याखाली अभ्यास करायचे. सर आपल्यातल्या कित्येकांपेक्षा वयानं लहान, पण ते वर्गात आले की तात्याही उभे राहायचे.

अडचण होती ती पाळीची. वर्ग संध्याकाळी साडेसहाला. पहिल्या पाळीचा माणूस साडेतीनला सुटून यायचा. रातपाळीवाला दुपारी झोप काढून यायचा आणि वर्गातून परस्पर कामावर जायचा. दुसऱ्या पाळीवाल्याला मात्र यायला वावच नव्हता. पाळी बदलली की गैरहजर माणसं बदलायची. म्हणजे पूर्ण वर्ग असा कधी भरायचाच नाही.

त्यातून वही निघाली. हजर असेल त्यानं त्या दिवशीचा पाठ आकृत्यांसकट उतरायचा आणि रात्रीच गैरहजर माणसाच्या घरी वही पोहोचवायची. त्यानं सकाळी उतरून घ्यायची, खाली एक प्रश्न सोडवायचा आणि पाळीवर जाण्याआधी वही परत करायची. बीडीडी चाळीतून परळ, तिथून लालबाग, पुन्हा शिवडी असा तिचा प्रवास चालायचा. काही पानांवर तेलाचे बोट आहेत, एका पानावर चहा सांडलेला आहे. हात बसावा म्हणून दारूखान्याच्या भंगारातून स्विच आणि एक बिघडलेली मोटर आणली होती. खोक्यांच्या फळ्यांवर जिन्याचं वायरिंग आपण किती वेळा केलं असेल! दोन टू-वे स्विच, दिवा खालूनही लागायचा आणि वरूनही. ज्यांच्या चाळीचा जिना कायम अंधारात, त्यांना हा धडा दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पाळ्याच थांबल्या, तेव्हा पहिल्यांदा आपला वर्ग पूर्ण भरला. फळ्यासमोर जागा पुरेना. पण थोड्याच महिन्यांत बाकं रिकामी होऊ लागली. कोणी कोकणात गेलं, कोणी घाटावर. गावी गेलेल्यांना पोस्टानं पाठ पाठवले. परीक्षेच्या फीसाठी गोदीतल्या आणि कारखान्यातल्या मित्रांनी वर्गणी काढली. कोणी किती दिले, याची नोंद ठेवायची नाही, असं त्यांनीच ठरवलं.

आता या इतिहासातलं जे पान मला लिहायला जड जातं, ते लिहितो.

आपल्यातला एक जण संप चालू असताना कामावर गेला. त्याच्या घरी आजारपण होतं, हे मला ठाऊक होतं. त्याला दुसरी पाळी मिळाली आणि वही त्याच्याकडे पोहोचवण्याची जबाबदारी माझी होती. मी ती नेली नाही. सलग दोन आठवडे नेली नाही. वर्गात विचारलं तेव्हा मी ताठ्यानं सांगितलं, "फुटलेल्याला वही नाही."

कोणी काही बोललं नाही. तात्या गिरणीत वीस वर्षं काढलेले, संपात पहिल्या दिवसापासून. त्यांनी माझ्या हातातून वही घेतली आणि एवढंच म्हणाले, "संप मालकाशी आहे रे. वही वर्गाची आहे, तुझी नव्हे." त्या दोन आठवड्यांचे पाठ त्यांनी स्वतः वेगळ्या कागदांवर उतरले आणि रात्री त्याच्या दारात नेऊन दिले. पुढेही देत राहिले.

तो परीक्षा पास झाला, मीही झालो. १९८३ साली सरकारनं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, पण संप कधी रीतसर मिटलाच नाही. तात्यांना गिरणीनं परत घेतलं नाही. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला नवं काम कोण देणार? ज्याच्या दारात ते वही घेऊन गेले होते, त्यानंच पुढे वायरिंगची कामं घेताना तात्यांना बरोबर घेतलं. मजुरी निम्मी-निम्मी.

आज शिवडीतून अटल सेतू थेट न्हावाशेव्याला जातो. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत. आपल्या वर्गाची खूण म्हणून दाखवावं असं तिथं काही नाही. आपण हुशार होतो म्हणून पास झालो, असं मला कधी वाटलं नाही. गैरहजर माणसाची जागा बाकीच्यांनी धरून ठेवली, म्हणून आपण पास झालो. मी एकदा ती सोडली होती.

तात्या आता नाहीत. तो मित्र मेळाव्याला येणार आहे, असं कळलं. वही मी घेऊन येतोय. यंदा ती त्याच्या हातात मीच देणार आहे.