असईच्या रणांगणावरील एक ‘जर’

जालना जिल्ह्यांत, भोकरदनच्या परिसरांत, केळना आणि जुई या दोन लहान नद्यांच्या बेचक्यांत असई हें खेडें वसलें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा येथें केळना नदीच्या उत्तर तीरावर पसरल्या होत्या. मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा निकाल लावणाऱ्या युद्धांतील ही दक्षिणेकडील पहिली मोठी लढाई. आर्थर वेलस्ली समोर आला तो कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेची वाट न पाहतां. दोघांनीं मिळून चाल करावयाची ती दुसऱ्या दिवशीं, असा मूळ बेत होता. प्रत्यक्ष लढणारे कंपनीचे शिपाई व स्वार सुमारें साडेचार हजार. मराठ्यांजवळ नुसत्या तोफाच शंभराच्या आसपास.

नदीला जवळपास उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं सांगितलें. पण दोन्ही कांठांवर समोरासमोर दोन गांवें वेलस्लीला दिसलीं. गांवें आहेत तर लोकांची ये-जा असणार, आणि ये-जा आहे तर उतारही असणार! तो सांपडला, आणि त्यावर पहारा नव्हता. दुरून तोफा डागल्या गेल्या, इतकेंच.

त्या उतारावर चार तोफा आणि एक पलटण उभी असती तर? श्रोत्यांनीं क्षणभर तशी कल्पना करावी. वाट मोकळी मिळूनही इंग्रजांचे ४२८ ठार व ११३८ जखमी झाले. ७४ वी पलटण असईच्या तोफांपुढें जवळजवळ नाहींशी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीं मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढें सरकतांच उठून त्यांनीं पाठीमागून मारा केला. असल्या लोकांना शौर्य शिकवावयास नको होतें. कवायती पायदळाचा सेनापति मात्र पोलमन नांवाचा हॅनोव्हरचा जर्मन होता, आणि घोडदळ बव्हंशीं दूर उभें राहून बघत होतें.

समजा, वेलस्ली नदींतच बुडाला. उत्तर हिंदुस्थान त्यानें वांचला नसता. बारा दिवसांपूर्वींच, ११ सप्टेंबरला, लेकनें दिल्लीची लढाई जिंकली होती. दक्षिणेंत मात्र सारें डळमळलें असतें. जालन्याचा किल्ला घेतलेला स्टीव्हन्सन एकटा पडला असता. हैदराबादेस निजाम अली ऑगस्टांतच वारला होता. नव्या निजामाची कंपनीवरील निष्ठा अद्याप कसाला लागावयाची होती. पुण्यास बाजीराव गादीवर होता तो इंग्रजी संगिनींच्या आधारानें.

तथापि या ‘जर’चें खरें वजन यशवंतराव होळकराच्या पारड्यांत होतें. तो या युद्धांत अलिप्त राहिला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं पुण्याजवळ त्यानें शिंद्यांच्या व पेशव्यांच्या फौजा मोडल्या होत्या. ती जखम अकरा महिन्यांत भरण्यासारखी नव्हती. असईच्या विजयानें तो मैदानांत उतरला असता काय? तो स्वभावानें धाडसी होता, पण शिंद्यांचा विजय त्याला आनंदाचा वाटला असता असें मानणें भाबडेपणाचें होईल. नदीच्या उतारावर एका घटकेंत तोफा आणतां आल्या असत्या. या दोन घराण्यांमध्यें तेवढ्या लौकर समेट घडला नसता.

डिसेंबर १८०३ मध्यें भोसल्यांनीं देवगांवास आणि शिंद्यांनीं सुर्जी-अंजनगांवास तह केले. पुढल्या वर्षीं पावसाळ्यांत यशवंतरावानें कर्नल मॉन्सनच्या सैन्याची दाणादाण उडविली, तेव्हां शिंदे आणि भोसले दोघेही तहानें बांधले गेले होते.