सिंधुदुर्गातील शेतीसंरक्षणाची बंदूक

1981 साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गात बंदुकीचा परवाना मुख्यतः माड, काजू आणि भातशेतीच्या राखणीसाठी मागितला जातो. 1878 च्या ब्रिटिश कायद्याने शस्त्र बाळगणे परवान्याखाली आणले. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्याने शेतीसंरक्षणाचा हेतू मान्य करताना पहिली पसंती ठासणीच्या बंदुकीला दिली आणि ती अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच अन्य गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा ठेवली. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू, बोळा व छर्रे भरून गजाने ठोकायची बंदूक. एका बारानंतर हा सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो आणि तेवढ्यात वानरांचा कळप पुढच्या माडावर पोचलेला असतो. अर्धस्वयंचलित बंदूक, जी झाडलेल्या काडतुसाच्या धक्क्याने किंवा वायूने रिकामे काडतूस फेकून दुसरे आपोआप भरते, विसाव्या शतकाच्या आरंभीच बाजारात आली, परंतु कायद्याची ही पसंती पाहता राखणदाराच्या हाती ती येण्याचे कारण नव्हते. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तर परवानाधारकालाही गवा मारता येत नाही. त्यामुळे बंदुकीचे काम बव्हंशी आवाजापुरते उरले, आणि 2002 पासून दोडामार्गात उतरलेल्या हत्तींपुढे या आवाजाचा फारसा उपयोग नाही.